रोल करंट मारतो तेव्हा: इंदूरच्या हवेत प्लास्टिक फिल्मवरची स्थिर वीज कशी मोजावी, कशी आवरावी

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन गेली की सांवेर रोड आणि पोलोग्राउंडच्या पॅकिंग कारखान्यांतून एकच तक्रार ऐकू येते: रोल करंट मारतोय. पाऊचची तोंडं उघडत नाहीत, कापलेल्या पट्ट्या मशीनच्या पत्र्याला चिकटून बसतात, आणि शेवेचा बारीक चुरा नेमका सीलच्या जागी जाऊन बसल्यामुळे पाकिटं हवा सोडतात. पहिला पाऊस झाला की तक्रार बरीच निवते. त्यावरून सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं, ‘हवा कोरडी आहे, पाणी मारा.’

कापड गिरण्यांच्या गावात हे निदान सुचणं साहजिक आहे. कापसाला ते लागूही पडतं, कारण ६५ टक्के आर्द्रतेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून ठेवतो. नायलॉन ६ सुद्धा ५० टक्के आर्द्रतेत अडीच-तीन टक्के पाणी घेतो. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन मात्र जवळजवळ काहीच पीत नाहीत. नमकीनची बहुतेक पाकिटं याच दोघांची, सोबत कधी पॉलिएस्टरचा किंवा धातूचा लेप असलेला थर. म्हणून गिरणीचा उपाय इथे अर्धाच चालतो. कुठला अर्धा चालतो, हे हातात मीटर घेऊनच कळतं.

आधी थोडी समज

दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकून वेगळे झाले की एकाकडे धन आणि दुसऱ्याकडे ऋण भार उरतो. घासणं जरुरीचं नाही, टेकून सुटणं पुरेसं आहे. घासल्याने फक्त टेकलेली जागा वाढते. फिल्म प्रत्येक रोलरवर हेच करत जाते. दाब जास्त, वेग जास्त, रबरी रोलर, तर भारही जास्त. नायलॉन, काच, लोकर हे सहसा धन बाजूला जातात. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी, टेफ्लॉन ऋण बाजूला. या क्रमावर फार विसंबू नका. पृष्ठभागावरचा मळ, घामाचे डाग, कोरोना ट्रीटमेंट (शाई धरावी म्हणून फिल्मच्या पृष्ठभागावर केलेला विजेचा संस्कार) आणि हवेतली ओल यांनी शेजारशेजारच्या वस्तूंची जागा सहज बदलते.

वातावरणाचा खरा हात भार तयार होण्यात कमी आणि तो गळून जाण्यात जास्त असतो. हवेत ओल असली की पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो. मळातले आणि ॲडिटिव्हमधले (फिल्ममध्ये मिसळलेल्या द्रव्यांतले) क्षार त्यात विरघळतात आणि भार त्या वाटेने सरकतो. स्वच्छ पॉलिप्रॉपिलीनवर हा थर नीट जुळतच नाही, म्हणून त्याच्यावरचा भार तासन्तास टिकू शकतो. दमट हवा स्वतः वीज वाहून नेते, हा समज मात्र चुकीचा आहे. काम होतं ते पृष्ठभागावर.

भाराला वरची मर्यादाही आहे. सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण २६ मायक्रोकूलॉमपलीकडे भार साठू शकत नाही, त्याआधीच शेजारची हवा फुटते. अंधारात रोल उलगडताना दिसणाऱ्या निळसर ठिणग्या त्याच. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा समुद्रकाठापेक्षा किंचित लवकर फुटते, पण आपल्या कामात हा फरक सोडून द्यावा इतका लहान आहे.

पायरी १: आर्द्रतामापक खरं बोलतो का ते पाहा

भिंतीवरचा स्वस्त डिजिटल मापक दहा-दहा टक्के चुकलेला सापडतो आणि त्याच्याच आकड्यावर लोक हजारो रुपयांचं यंत्र घेतात. तपासणी सोपी आहे. हवाबंद डब्यात एका वाटीत मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. शेजारी मापक ठेवा, झाकण लावा आणि ऊन-पंखा लागणार नाही अशा जागी आठ-दहा तास राहू द्या. २० ते ३० अंशांच्या दरम्यान आत ७५ टक्के आर्द्रता होते. मापक ८१ दाखवत असेल तर तिथे तो सहाने जास्त बोलतो. कोरड्या टोकाची चूक वेगळी असू शकते, म्हणून रसायनांच्या दुकानातून मॅग्नेशियम क्लोराईड आणून तसाच दुसरा डबा करा. तिथे ३३ टक्के यायला हवेत. दोन्ही चुका मापकाच्या पाठीवर लिहून चिकटवा.

पायरी २: फिल्मजवळची आर्द्रता काढा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून या पायरीला वेळ द्या.

भिंतीवरचा आकडा खोलीच्या तापमानाला असतो. फिल्म त्या तापमानाला असेलच असं नाही. ड्रायर, लॅमिनेटर किंवा सीलिंगच्या जबड्यातून निघालेली फिल्म गरम असते. तिला चिकटून असलेली हवाही गरम होते, आणि तीच ओल गरम हवेत टक्क्यांनी कमी भरते. हिशेबाला संपृक्त बाष्पदाबाचे (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या वाफेच्या दाबाचे) एवढे आकडे पुरतात, सगळे हेक्टोपास्कलमध्ये:

१० अंश: १२.३
१५ अंश: १७.०
२० अंश: २३.४
२५ अंश: ३१.७
३० अंश: ४२.४
३५ अंश: ५६.२
४० अंश: ७३.८
५० अंश: १२३
६० अंश: १९९

खोलीची आर्द्रता गुणिले खोलीच्या तापमानाचा आकडा, भागिले फिल्मच्या तापमानाचा आकडा. येणारं उत्तर ही फिल्मजवळची आर्द्रता.

आता श्रावणातला दिवस घ्या. शेडमध्ये ३० अंश, ८० टक्के. भिंतीला हात लावला तरी ओल जाणवते. फिल्म ड्रायरमधून ६० अंशांनी बाहेर येतेय. ८० गुणिले ४२.४ भागिले १९९, म्हणजे १७ टक्के. भर पावसाळ्यात त्या फिल्मपुरता वैशाख चालू आहे. ‘पावसातही हा एकच रोलर झटके देतो’ या कोड्याचं उत्तर बहुतेकदा इतकंच असतं. तिथे ह्युमिडिफायर लावण्याआधी चिल रोलरचं (फिल्म गार करणाऱ्या रोलरचं) पाणी खरंच थंड येतंय का, ते बघा.

उलटी बाजू मे महिन्याची. दुपारी ४० अंश आणि १५ टक्के. हवा तीच राहिली आणि रात्री २५ अंशांवर उतरली तर आर्द्रता होते ३५ टक्के. शब-ए-मालवाचं, माळव्याच्या गार रात्रीचं, कौतुक शायरांनी केलं, पण रात्रपाळीच्या ऑपरेटरलाही ते पटेल: थेंबभर पाणी न वाढवता त्याचं मशीन शांत चालतं. म्हणून दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या नासाडीची तुलना करताना माणसांना दोष देण्याआधी तापमानाची वही उघडा.

जानेवारीत बाहेर १० अंश, ८० टक्के असते. धुकं दिसतं, हवा ओली वाटते. तीच हवा आत येऊन २५ अंशांवर गेली की ३१ टक्के उरते. याउलट गोदामात १५ अंशांवर गार झालेला रोल २५ अंश, ५० टक्क्यांच्या खोलीत आणला तर त्याच्या पृष्ठभागाशी ९३ टक्के भरतात. त्या दिवशी स्टॅटिक नसते, पण शाई धरत नाही. रोल आदल्या दिवशीच आत आणून ठेवावा.

फिल्मचं तापमान मोजताना एक खोड लक्षात ठेवा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर पातळ पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनच्या आरपार बघतो आणि मागच्या वस्तूचं तापमान सांगतो. चकाकत्या मेटलाइज्ड फिल्मवर तर तो समोरच्या भट्टीचं प्रतिबिंब मोजतो. गुंडाळलेल्या रोलच्या कडेवर त्याचा नेम धरा, किंवा फिल्मला टेकणारा प्रोब वापरा.

पायरी ३: मशीनचा नकाशा काढा

इलेक्ट्रोस्टॅटिक फिल्ड मीटर हातात मावतो. तो मीटर आणि धरणारा माणूस दोघेही अर्थ झालेले हवेत, नाहीतर आकडा माणसाच्या अंगावरच्या भाराचा येतो. बहुतेक मीटर २५ मिलीमीटर अंतरासाठी जुळवलेले असतात; अंतर चुकलं की वाचन चुकलं.

फिल्म धातूच्या रोलरवर असताना मोजू नका. रोलरमधला उलटा भार फिल्मच्या भाराला झाकतो आणि मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. फिल्म सुटून पुढे गेली की तिथेच वीस किलोव्होल्ट निघतात. दोन रोलरांच्या मधल्या मोकळ्या भागात, मागे-पुढे धातू नाही अशा जागी मोजा. अनवाइंडपासून (रोल उलगडतो तिथून) रिवाइंडपर्यंत (पुन्हा गुंडाळला जातो तिथवर) प्रत्येक मोकळ्या भागाचं वाचन चिन्हासकट कागदावर मांडा. जिथे आकडा एकदम उडी घेतो, त्याच्या अलीकडचा रोलर गुन्हेगार. वेळ, खोलीचं तापमान, आर्द्रता आणि मशीनचा वेग शेजारी लिहायला विसरू नका. असे दोन नकाशे हवेत: एक पहाटेचा, एक दुपारी तीनचा. दुपारी सगळीकडे आकडे वाढले तर हवा कारण आहे. एकाच ठिकाणी वाढले तर ती जागा तापतेय किंवा तिथला रबर बदलायला आलाय.

ढोबळ अंदाज असा: पाच किलोव्होल्टच्या आत असेल तर सहसा काम निभावतं, दहाच्या वर धूळ ओढली जाते आणि हाताला झटके बसतात. शेवेच्या चुऱ्यासाठी त्याहून कमी लागतं, कारण कण हलके असतात आणि शूटमधून (भरणीच्या घसरणीवरून) घसरताना स्वतःही भारित होतात.

धुळीचा मुद्दा इथेच. नुसत्या स्वच्छ वाऱ्याने फिल्म भारित होत नाही. वाऱ्यातले कण आदळून सुटतात तेव्हा होते. मे महिन्यातली लू धूळ आणि कोरडेपणा दोन्ही आणते, त्यामुळे दोष एकट्या कोरडेपणावर जातो. दार लावून, गाळणी बसवून नकाशा पुन्हा काढलात तर कुणाचा वाटा किती, ते वेगळं दिसेल.

पायरी ४: माल ओलीला दाद देतो का

तीन हवाबंद पारदर्शक डबे घ्या. एकात सिलिका जेल, दुसऱ्यात मॅग्नेशियम क्लोराईडचा लगदा, तिसऱ्यात मिठाचा लगदा. झालं: मे, जानेवारी आणि श्रावण एका टेबलावर. प्रत्येकात आपल्या फिल्मची तळहाताएवढी पट्टी कडेला चिमटा लावून टांगा, बोटं मध्ये लावू नका. दोन दिवस राहू द्या. मग पट्टी सुती कापडाने एकदाच पुसा आणि टांगलेल्या अवस्थेत लगेच, दहा सेकंदांनी आणि मिनिटाने वाचन घ्या. खोलीच्या हवेत पट्टी फार वेळ बाहेर राहिली तर दोन दिवसांची मेहनत वाया जाते, म्हणून हात चालवा.

नायलॉन, कागद, सेलोफेन यांत मे आणि श्रावण यांचा फरक डोळ्यांत भरतो. पॉलिएस्टर मधे कुठेतरी. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन तिन्ही डब्यांत जवळपास सारखंच हट्टी राहतं. पॉलिप्रॉपिलीनची पट्टी मिठाच्या डब्यात झरझर उतरली आणि सिलिकाच्या डब्यात ढिम्म राहिली, तर तिच्यात अँटिस्टॅटिक ॲडिटिव्ह आहे आणि ते ओलीच्या भरवशावर चालतं. ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट किंवा इथॉक्सिलेटेड अमाइन ही नेहमीची नावं. ही द्रव्यं आतून पृष्ठभागावर येतात आणि हवेतली ओल धरतात. तीसेक टक्क्यांखाली धरायला ओलच नसते आणि ती निकामी होतात. ऐन गरजेच्या महिन्यात दगा देणारा हा उपाय आहे, तरी तो सर्रास विकला जातो.

पायरी ५: उपाय, या क्रमाने

पहिलं अर्थिंग, कारण ते स्वस्त आहे आणि न करण्याला सबब नाही. प्रत्येक धातूचा रोलर, फ्रेम आणि स्टँड मीटरने तपासा. सुक्या ग्रीसमुळे फिरता रोलर फ्रेमपासून विजेच्या दृष्टीने सुटलेला असू शकतो. धातूच्या जोडांमध्ये दहा ओहमच्या आत वाचन हवं. निव्वळ स्टॅटिकला मेगाओहमही चालतो, पण धातूत एवढा रोध दिसला म्हणजे जोड सैल आहे. माळव्याच्या काळ्या मातीची इथे खास भानगड आहे. उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि अर्थ पिटचा इलेक्ट्रोड मातीपासून सुटतो. फेब्रुवारीपासून पिटमध्ये नियमित पाणी घाला आणि पिटचं मोजमाप मेमध्येच करून घ्या. पावसाळ्यातलं चांगलं वाचन फसवं असतं.

अर्थिंगने धातूवरचा आणि माणसावरचा भार जातो, फिल्मवरचा जात नाही. फिल्म वीज वाहू देत नाही, मग तिला तार जोडून काय उपयोग? तिच्यासाठी आयनायझर, म्हणजे हवेत धन-ऋण आयन तयार करून फिल्मवरचा भार मारणारं साधन. कार्बन तंतूंचा ब्रश विजेशिवाय चालतो, स्वस्त आहे आणि वीस किलोव्होल्टचे दोन-चार करून देतो. शून्य करत नाही. त्याहून खाली जायचं तर उच्च विद्युतदाबाचा, सुयांची रांग असलेला बार, बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर, सहसा २५ ते ५० मिलीमीटर. जागा निवडताना पायरी तीनचा नियमच पाळा: मोकळा भाग, मागे धातू नको, आणि शेवटच्या रोलरनंतर. अलीकडे लावलात तर पुढचा रोलर पुन्हा भारित करतो. सुयांवर धूळ आणि शाईची वाफ बसते. मशीन बंद करून दर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लू चालू असताना अधिक वेळा.

पाणी तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि त्याचा हिशेब करूनच पैसे घाला. २० बाय १० मीटरची, ६ मीटर उंच शेड म्हणजे १२०० घनमीटर. ३० अंशांवर आर्द्रता २५ वरून ५० टक्क्यांवर न्यायची तर घनमीटरला साडेसात ग्रॅमहून थोडं जास्त, म्हणजे एकूण नऊ लिटर पाणी हवेत जायला हवं. दारं-खिडक्यांतून तासाला चार वेळा हवा बदलत असेल तर तासाला छत्तीस लिटर. फरशीवर बादली ओतून हे होत नाही, पाय मात्र घसरतात.

मे महिन्यात मोठा डेझर्ट कुलर हा मला सगळ्यात शहाणा सौदा वाटतो. तो ओल वाढवतो आणि शेड थंडही करतो. दोन्ही बाजूंनी टक्के चढतात. त्याचा झोत फिल्मवर थेट नको, तुषार उडतात. अल्ट्रासॉनिक यंत्रात बोअरचं जड पाणी घातलंत तर क्षारांची पांढरी पूड फिल्मवर बसेल, त्याला आरओचंच पाणी लागतं.

ओल किती वाढवायची? ५० ते ५५ टक्के पुष्कळ झाले. त्यावर गेलात की पुठ्ठ्याचे खोके मऊ पडतात आणि लॅमिनेशनच्या पॉलियुरेथेन गोंदात ओलीशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे धरतात. आणि जिथे शेव भरली जाते त्या खोलीत ओल वाढवूच नका. शेव सादळली तर स्टॅटिक परवडली म्हणाल. छपाईची शेड दमट आणि भरणीची खोली कोरडी, असे दोन वेगळे नियम एकाच छताखाली पाळावे लागतात. भरणीच्या खोलीत आयनायझरवरच भिस्त ठेवा, फॉर्मिंग ट्यूबच्या (जिच्याभोवती फिल्म वळून पाकीट बनतं त्या नळीच्या) अलीकडे एक आणि शक्य असल्यास चुरा पडतो त्या तोंडाशी आयनयुक्त हवेचा हलका झोत.

वेग कमी करणं हा उपाय नसून उसंत आहे. दुपारी दोन ते पाच वेग थोडा उतरवला तर आयनायझरला वेळ मिळतो, इतकंच.

सॉल्व्हंट असेल तिथे वेगळा कायदा

ग्रॅव्ह्युअर छपाईत (कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईत) शाईत इथाइल ॲसिटेट आणि टोल्युइन ही सॉल्व्हंट, म्हणजे उडून जाणारी द्रावकं, असतात. टोल्युइनची वाफ पेटायला सुमारे ०.२४ मिलीजूल पुरतात, इथाइल ॲसिटेटला ०.४६. माणसाच्या शरीराची धारिता (भार साठवण्याची क्षमता) १५० पिकोफॅरड धरली तर ३ किलोव्होल्टला ०.६७ मिलीजूल साठतात. एवढ्याला बोटाला जेमतेम चिमटा बसतो, बऱ्याच जणांना तोही कळत नाही. म्हणजे जी ठिणगी जाणवलीही नाही, ती आग लावू शकते. १० किलोव्होल्टला हीच ऊर्जा साडेसात मिलीजूल होते.

म्हणून शाईच्या टाकीजवळ रबरी स्लिपर नको, भार वाहून नेणारे बूट हवेत, आणि त्यांच्याखालची फरशीही तशीच. सॉल्व्हंट प्लास्टिकच्या बादलीत काढू नका. धातूचं भांडं घ्या आणि ओतण्याआधी दोन्ही भांडी तारेने जोडून अर्थ करा. तिथे लावायचा आयनायझर ज्वलनशील वाफांच्या क्षेत्रासाठी प्रमाणित असलेलाच. बाकी शेडमधला साधा बार उचलून तिथे बसवणं म्हणजे ठिणगीचं यंत्र लावणं. मेटलाइज्ड फिल्मचा धातूचा थर अर्थ नसेल तर सगळा भार एका ठिणगीत सोडतो, तिच्याशी दुप्पट जपून. आणि पावसाळा आहे म्हणून यातलं काहीही शिथिल करू नका. ड्रायरनंतरचे १७ टक्के वर पाहिलेच.

फिल्म मागवताना

पुरवठादाराच्या कागदावर पृष्ठभागाचा रोध ‘१० चा ११ वा घात ओहम’ असा सुरेख छापलेला असतो. तो कुठल्या हवेत मोजला, ते विचारा. प्रयोगशाळेची नेहमीची हवा २३ अंश आणि ५० टक्के. मेमधल्या सांवेर रोडशी तिचा संबंध नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या पॅकिंगवाले १२ टक्के आर्द्रतेत दोन दिवस ठेवून केलेली चाचणी मागतात, तुम्हीही मागा. ओलीवर न विसंबणारा माल हवा असेल तर कार्बन ब्लॅक घातलेला किंवा कायमस्वरूपी भार वाहून नेणारं पॉलिमर मिसळलेला घ्यावा लागतो. पहिला काळा असतो आणि दुसरा महाग. शेवेच्या पाकिटाला दोन्ही झेपत नाहीत, औद्योगिक लायनरला झेपतात.

स्थलांतर करणारं ॲडिटिव्ह असलेला ताजा रोल लगेच मशीनवर चढवू नका. ते पृष्ठभागावर यायला काही दिवस लागतात, थंडीत आणखी. टिनाच्या तापलेल्या शेडमध्ये ते घाईने आणि गरजेपेक्षा जास्त येतं, मग शाई आणि सील दोन्ही धरत नाहीत. रोल आल्याची तारीख खडूने लिहून सावलीत ठेवा. प्रत्येक नव्या लॉटची एक पट्टी सिलिकाच्या डब्यात टांगा, आणि मार्च-एप्रिलच्या ऑर्डरी तिचं मिनिटाचं वाचन बघितल्यावरच पक्क्या करा.